मोफत वाटायच्या डिजिटल चित्रांसाठी परवडणारं होस्टिंग : कुठे ठेवावं, खर्च किती, काय सांभाळावं

आपल्या घरांत हुनर कमी नाही. कोणी मेहंदीचे नमुने काढतं, कोणी उर्दू-मराठी मुळाक्षरांचे रंगवायचे तक्ते बनवतं, कोणी खत्ताती करतं, कोणी ईदची कार्डं. हल्ली हे काम कागदापेक्षा मोबाइलवर आणि संगणकावर जास्त होतं. बऱ्याच जणांना त्याचे पैसेही नको असतात. लोकांनी वापरावं, मुलांनी रंगवावं, एवढीच इच्छा असते.

अडचण पुढे येते. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून जाते, तिथे ती दाबून लहान होते आणि छापायला घेतली की रेषा फुटतात. चार ग्रुप फिरेपर्यंत काढणाऱ्याचं नाव गळतं. सहा महिन्यांनी कोणी मूळ फाइल मागितली तर ती जुन्या मोबाइलबरोबर गेलेली असते. म्हणून अशा फाइलींना एक कायमचा पत्ता हवा, जिथे कोणीही जाऊन मूळ फाइल उतरवून घेईल. त्यासाठी होस्टिंग लागतं.

होस्टिंग म्हणजे चोवीस तास इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर भाड्याने घेतलेली जागा. डोमेन म्हणजे त्या जागेच्या दारावरची पाटी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वेगळ्या ठिकाणाहून घेता येतात. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा घोळ टळतो. मोफत चित्रं वाटणाऱ्या बहुतेकांना जागेसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मोजायचेच असतील तर पाटीसाठी मोजावेत.

आधी हिशेब करा

दुकानात जाण्याआधी आपण यादी करतो, तसं इथेही करावं. दोन आकडे काढायचे.

पहिला आकडा साठवणुकीचा. समजा तुमच्याकडे २०० चित्रं आहेत आणि प्रत्येक फाइल सरासरी ३ एमबीची आहे. एकूण ६०० एमबी झाले. एक जीबीसुद्धा नाही. मग "१०० जीबी जागा" अशी जाहिरात बघून भुलायचं कारण नाही.

दुसरा आकडा वाहतुकीचा, ज्याला बँडविड्थ म्हणतात. महिन्याला २,००० वेळा फाइल उतरवली गेली तर २,००० गुणिले ३ एमबी म्हणजे साधारण ६ जीबी. ईदच्या महिन्यात २ एमबीचं एखादं कार्ड ३०,००० लोकांनी घेतलं तर ६० जीबी. आता सगळ्या २०० चित्रांची एकच ६०० एमबीची झिप फाइल करून ठेवली आणि ती ५०० जणांनी घेतली, तर ३०० जीबी! तीच चित्रं आहेत, लोकही कमी आहेत, पण ओझं पाचपट. म्हणून सुटी चित्रं आपल्या साइटवर आणि मोठी झिप दुसरीकडे, अशी विभागणी करावी. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते पुढे येतंच.

तिसरी गोष्ट मोबाइलवाल्यांसाठी. पानावर मूळ चित्रं लावू नका. प्रत्येकाची ८० केबीच्या आसपास छोटी झलक लावा आणि तिच्याखाली मूळ फाइलची लिंक द्या. २०० झलकांचं ओझं १६ एमबी होतं. मूळ चित्रं लावली असती तर तेच पान उघडायला ६०० एमबी डेटा गेला असता.

जागेचे चार प्रकार

१. सार्वजनिक संग्रह. इथे साइट बनवावी लागत नाही. ई-मेलने खातं उघडायचं आणि फाइल चढवायची. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतली ना-नफा संस्था १९९६ पासून काम करते आहे. तिथे स्वतःचं काम मोफत ठेवता येतं, प्रत्येक संचाला वेगळं पान आणि पत्ता मिळतो, मोठ्या फाइलीही चालतात. वरची ६०० एमबीची झिप इथेच ठेवावी.

दुसरं ठिकाण विकिमीडिया कॉमन्स, २००४ पासून चालू असलेलं. विकिपीडियातली बहुतेक चित्रं इथूनच येतात. पण तिथल्या दोन अटी आहेत. फाइलीचा शैक्षणिक उपयोग असावा, आणि धंद्यासाठी वापरण्याचीही मोकळीक द्यावी लागते. "फक्त बिगर-व्यापारी वापर" ही अट घातलेलं चित्र तिथे घेत नाहीत. मुळाक्षरांचे तक्ते, इमारतींच्या जाळ्यांची रेखाटनं तिथे शोभतात. वैयक्तिक ईद कार्डांची ती जागा नाही.

२. स्थिर साइटसाठी मोफत होस्टिंग. ज्या साइटवर लॉगिन नाही, खरेदी-विक्री नाही, फक्त पानं आणि फाइली आहेत, तिला स्थिर साइट म्हणतात. चित्रं वाटायला एवढंच लागतं. गिटहब पेजेस ही सेवा मोफत आहे. तिथे साइटचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याची वाहतूक साधारण १०० जीबीपर्यंत ठेवावी असं त्यांचं म्हणणं आहे. ब्राउझरमधून चढवताना एक फाइल २५ एमबीपेक्षा मोठी चालत नाही. मोफत खात्यात तुमचा फाइलींचा साठा सर्वांना दिसतो. आपल्याला तर तेच हवं आहे. मात्र ही जागा ऑनलाइन दुकान चालवायला नाही.

क्लाउडफ्लेअर पेजेस हा दुसरा पर्याय. तिथे एक फाइल २५ एमबीपर्यंत आणि एका साइटवर २०,००० फाइली, ही मोफत योजनेची मर्यादा आहे. वाहतुकीचे पैसे लागत नाहीत. संगणकावरचा फोल्डर ओढून टाकला तरी साइट उभी राहते. मोठ्या फाइलींसाठी त्यांचीच आर-टू नावाची साठवण आहे. तिथे दरमहा १० जीबी साठवण मोफत आहे आणि लोकांनी फाइल उतरवली म्हणून वेगळा आकार लावत नाहीत.

या कंपन्या मर्यादा बदलत राहतात. खातं उघडण्याआधी त्यांच्या स्वतःच्या पानावरचे आजचे आकडे वाचून घ्या.

३. भाड्याचं शेअर्ड होस्टिंग. एका संगणकावर अनेक साइट ठेवून कंपनी प्रत्येकाकडून थोडं भाडं घेते. वर्डप्रेससारखी व्यवस्था हवी असेल, घरातले तीन-चार जण वेगवेगळ्या लॉगिनने फाइली चढवणार असतील, साइटच्या नावाचा ई-मेल हवा असेल, तर हे घ्यावं. नुसत्या फाइली वाटायच्या असतील तर गरज नाही. वर्डप्रेस ही व्यवस्था एसव्हीजी प्रकारची फाइल थेट चढवू देत नाही, त्यासाठी वेगळं प्लगिन लागतं, हेही ध्यानात ठेवा.

४. ड्राइव्हची लिंक. गुगल ड्राइव्हमध्ये १५ जीबी मोफत मिळतात, पण त्यातच जीमेल आणि फोटोही मोजले जातात. थोड्या वेळात फार लोकांनी एकच फाइल उतरवली तर गुगल ती काही काळ थांबवतं. चाळीस मुलांच्या वर्गाला तक्ता द्यायला ड्राइव्ह उत्तम, हजारो लोकांसाठी नाही. आणि ज्या खात्यात तुमची बँकेची पत्रं येतात, त्याच खात्यातून जगाला फाइली वाटणं मला तरी बरं वाटत नाही. वेगळं खातं उघडा.

जाहिरातीतला दर आणि खिशातला खर्च

"फक्त ७९ रुपये महिना" अशी जाहिरात आली तर खालची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा तो दर चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. उदाहरणादाखल हिशेब करू. ७९ गुणिले ४८ महिने म्हणजे ३,७९२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, साधारण ६८३ रुपये. पहिल्याच दिवशी जवळपास ४,४७५ रुपये गेले. मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा दर २४९ रुपये महिना असेल तर एका वर्षाचे २,९८८ आणि जीएसटी धरून साधारण ३,५२६ रुपये. म्हणून कोणत्याही कंपनीला पहिला प्रश्न हा विचारावा : "नूतनीकरणाला किती?"

आणखी काही गोष्टी तपासा.

- "अमर्याद" या शब्दाला बहुधा मर्यादा असते. अटींमध्ये फाइलींची कमाल संख्या किंवा "वाजवी वापर" असं काहीतरी लिहिलेलं असतं. काही कंपन्यांच्या अटींत फाइली नुसत्या साठवण्याला किंवा वाटण्याला मनाईसुद्धा असते, आणि आपलं काम तर तेच आहे.
- पत्त्याआधी कुलपाची खूण दिसते, त्या सुरक्षा प्रमाणपत्राचे वेगळे पैसे देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून ते मोफत देते आणि चांगल्या कंपन्या ते आपोआप लावून देतात.
- बॅकअप दिला जातो का, आणि परत मिळवायला पैसे पडतात का, हे लेखी विचारा.
- परदेशी कंपनीला कार्डाने पैसे देत असाल तर आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून ठरावीक काळाने होणाऱ्या वसुलीला ग्राहकाची आधी नोंदवलेली मंजुरी लागते. ती नसेल तर पैसे जात नाहीत आणि साइट बंद पडते. तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पाटी स्वतःच्या नावावर

मोफत होस्टिंगवर त्या कंपनीच्या नावाचा पत्ता मिळतो. तो चालतो. पण उद्या ती सेवा बंद झाली तर तुम्ही छापलेले, वाटलेले सगळे पत्ते मेले. स्वतःचं डोमेन असेल तर फाइली दुसरीकडे हलवायच्या आणि पाटी तिकडे वळवायची; लोकांना कळतही नाही. वर्षाकाठी साधारण हजार रुपयांच्या आसपासचा हा खर्च करण्यासारखा आहे. डॉट इन या नावांची नोंदणी निक्सी ही संस्था सांभाळते आणि तिने मान्यता दिलेल्या विक्रेत्यांकडून नाव घेता येतं. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. घ्यायला हरकत नाही, पण फोनवर पत्ता सांगायला रोमन नाव अजून सोपं पडतं, म्हणून ते आधी घ्या.

पूर्ण मोफत डोमेनच्या मागे लागू नका. डॉट टीके वगैरे नावं फुकट देणाऱ्या फ्रीनॉम कंपनीने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली आणि त्यावर उभ्या असलेल्या कितीतरी छोट्या साइट अडचणीत आल्या.

डोमेन कोणाच्या ई-मेलवर आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. घरोघरी हेच घडतं : भाचा किंवा दीर हौसेने साइट बनवून देतो, सगळं त्याच्या ई-मेलवर, मग तो नोकरीला दुबईला जातो आणि नूतनीकरणाची पत्रं तिथेच पडून राहतात. मुदत टळलेलं नाव कोणीही विकत घेऊ शकतं, त्यावर जुगाराची साइटसुद्धा टाकू शकतं. मुलांच्या तक्त्यांच्या पत्त्यावर असं काही उघडावं, हे कोणाला चालेल? म्हणून डोमेन ज्याचं काम त्याच्याच नावावर असावं, आणि पासवर्ड घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला माहीत असावा.

मोफत म्हणजे बेवारस नाही

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं की त्यावर हक्क निर्माण होतो, नोंदणीची गरज नसते. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे तुम्ही "मोफत घ्या" एवढंच लिहिलंत तर वापरणाऱ्याला कळत नाही : छापू शकतो का, बदलू शकतो का, विकू शकतो का? यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ मध्ये तयार परवाने दिले. आपल्या कामाचे तीन :

- सीसी झिरो : सगळे हक्क सोडले. नाव द्यायचंही बंधन नाही.
- सीसी बाय : काहीही करा, फक्त माझं नाव द्या.
- सीसी बाय-एनसी : नाव द्या आणि व्यापारी वापर करू नका.

कोणता घ्यायचा, हे घरात बसून ठरवा, कारण एकदा दिलेला परवाना ज्यांनी फाइल घेतली त्यांच्याकडून परत घेता येत नाही. सीसी बाय घेतलात आणि उद्या एखाद्या दुकानदाराने तुमचा मेहंदीचा नमुना डब्यावर छापून विकला, तर नाव दिल्यावर त्याला अडवता येणार नाही. मन तेवढं मोठं नसेल तर एनसी घ्या. त्यात लाज नाही.

दुसऱ्याचं काम आपल्या फोल्डरमध्ये घुसणार नाही, हेही बघा. इंटरनेटवरून उचललेला नमुना थोडा रंग बदलून टाकणं हे वाटप नाही, ती चोरी आहे. कोणी पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा हक्क बहुधा पैसे देणाऱ्याकडे असतो; त्याला विचारा. जुने नमुने हवेत तर हक्काची ठिकाणं आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ३,७५,००० प्रतिमा सीसी झिरोखाली खुल्या केल्या, त्यांत इस्लामी कलेचा मोठा विभाग आहे. आणि आपल्या औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळ्या तर बघून स्वतः काढता येतात. ते रेखाटन तुमचंच.

फाइल चढवण्यापूर्वी

- रेषांचं काम, म्हणजे जाळी, मेहंदी, अक्षरं, एसव्हीजी आणि पीडीएफ या दोन्ही प्रकारांत द्या. एसव्हीजी कितीही मोठी केली तरी फुटत नाही आणि आकाराने लहान असते. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे.
- उर्दू किंवा मराठी मजकूर असेल तर साठवण्याआधी अक्षरांचं रूपांतर रेषांमध्ये करा. नाहीतर समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर नस्तालीक अक्षरं मोडून भलतीच दिसतात. मूळ, बदलता येणारी फाइल वेगळी जपून ठेवा.
- रंगकाम पीएनजी किंवा जेपीजीमध्ये द्या. ए-फोर कागदावर स्वच्छ छपाईसाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल हवेत.
- फाइलीचं नाव छोट्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. विषय आणि क्रमांक नावातच असू द्या.
- प्रत्येक संचाबरोबर एक साधी मजकुराची फाइल ठेवा : कोणी काढलं, कधी, कोणता परवाना.
- मोबाइलने काढलेल्या फोटोत ठिकाणाची माहिती लपलेली असू शकते. ती काढून टाका.
- मुलांची चित्रं टाकताना पालकांची परवानगी घ्या. पूर्ण नाव, शाळा आणि फोटो एकत्र कधीच देऊ नका. "फातिमा, इयत्ता ४ थी" एवढं पुरे.

एकाच कपाटावर भरवसा नको

फुकट जागा कायमची नसते, हे इंटरनेटच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जिओसिटीजवर लोकांनी हौसेने बांधलेल्या लाखो साइट ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने बंद केल्या. २०१७ मध्ये फोटोबकेटने बाहेरच्या साइटवर चित्र दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले, आणि रातोरात असंख्य पानांवरची चित्रं गायब झाली. खुद्द इंटरनेट आर्काइव्ह ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे काही दिवस बंद होतं.

म्हणून तीन प्रती ठेवा. एक साइटवर, एक आर्काइव्हसारख्या संग्रहात, आणि एक घरी हार्ड डिस्कवर. पेन ड्राइव्हला घरची प्रत समजू नका, तो हरवतो. वर्षातून एकदा, शाळेच्या सुट्टीत म्हणा, तिन्ही ठिकाणी फाइली उघडतात का बघा. मी मुलांना वहीची शेवटची पानंही तपासून घ्यायला सांगते, तसंच हे.

कोणी काय घ्यावं

- २०-३० फाइली, साइट बनवायची हौस नाही : इंटरनेट आर्काइव्हवर खातं, तिथलीच लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर. खर्च शून्य.
- १००-५०० फाइली, नियमित भर : गिटहब किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस, झिप आर्काइव्हवर, आणि स्वतःचं डोमेन. खर्च वर्षाला हजाराच्या आसपास.
- शाळा, मंडळ किंवा अनेक जण मिळून काम : शेअर्ड होस्टिंग, एका वेळी एकाच वर्षासाठी. डोमेन वेगळ्या ठिकाणाहून आणि संस्थेच्या ई-मेलवर.
- फक्त वर्गातल्या मुलांसाठी : ड्राइव्हची लिंक, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोऐवजी "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, तसं पाठवलं की फाइल दाबली जात नाही.

सुरुवात छोटी करा. आज दहा चांगली चित्रं निवडा, परवाना ठरवा, नावं नीट द्या आणि एका मोफत जागेवर चढवा. महिनाभर किती लोक घेतात ते बघा आणि मगच पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवा. ज्या अम्मीने, खालाने किंवा बाजीने रात्री जागून ते नमुने काढले, त्यांचं नाव त्या पानावर असेल आणि दहा वर्षांनी त्यांच्या नातवंडांनाही ती फाइल उघडता येईल, एवढी काळजी आपल्या हातात आहे.